जागा मिळाली, आपलेपणाचे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहार समितीने आम्हाला बोलावयास सांगितले, तेव्हा विषय निवडण्याचे काम आमच्यावरच सोपविले. वर्धापनदिनाला साधारणपणे जे विषय होतात ते आपण दरवर्षी ऐकता. आज आम्ही थोडा वेगळा आणि थोडा लांबचा विषय घेणार आहोत. जे लोक एखाद्या देशाचे मूळ रहिवासी आहेत, त्यांची मुलेबाळे विज्ञानाच्या आणि इंजिनिअरिंगच्या शिक्षणात आज कुठे आहेत? आणि जिथे पोहोचली आहेत तिथे त्यांना 'ही जागा आपली' असे वाटते काय? यासाठी आम्ही आपल्याला अमेरिकेत घेऊन जाणार आहोत. पण काळजी करू नका, शेवटी याच सभागृहात परत आणून सोडू.

आपल्या वस्तीत दरवर्षी निकाल लागला की पेढे वाटले जातात. कुणाचं पोरगं कॉम्प्युटरला लागलं, कुणाची पोरगी सिव्हिलला. आनंदाची गोष्ट आहे. पण दोन वर्षांनी त्याच पोराचा विषय काढला की घरातली माणसं बोलणं बदलतात, असंही आपण पाहतो. केटी लागलेली असते, वर्ष गेलेलं असतं, पोरगं हॉस्टेल सोडून घरी आलेलं असतं. मग नातेवाईक म्हणतात, झेपलं नाही. कॉलेजातले म्हणतात, कोट्यातला होता. या दोन्ही उत्तरांनी आमचे समाधान होत नाही, म्हणून हा विषय.

ते लोक कोण?

आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांना 'रेड इंडियन' म्हटलेले असायचे. कोलंबस वाट चुकला आणि त्याने त्यांना इंडियन म्हटले. ते स्वतःला चेरोकी, नवाहो, मोहॉक, चिकसॉ अशा आपापल्या नावांनी ओळखतात. आज अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या अशा जमाती पावणेसहाशेच्या आसपास आहेत. प्रत्येकीची भाषा, रीत, इतिहास वेगळा.

या लोकांच्या जमिनी गेल्या, हे आपल्याला थोडेफार ठाऊक असते. त्यांच्या मुलांचे काय झाले ते फारसे ठाऊक नसते. १८७९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे सरकारने त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. दूरदूरच्या वस्त्यांतून मुले आणली. आल्याबरोबर केस कापले, कपडे बदलले, नावे बदलली. आपल्या भाषेत बोलले तर शिक्षा. अर्धा दिवस अक्षरओळख आणि अर्धा दिवस काम. मुलांना सुतारकाम, लोहारकाम, शेती. मुलींना शिवण आणि धुणे. ही शाळा १९१८ साली बंद झाली, पण तिच्यासारख्या शेकडो शाळा देशभर निघाल्या आणि अनेक पिढ्या त्यांतून गेल्या. कितीतरी मुले तिथेच मेली आणि तिथेच पुरली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या शाळांबद्दल जाहीर माफी मागितली.

आता विचार करा. ज्या समाजाला 'शाळा' म्हटले की आजोबांचे कापलेले केस आठवतात, त्या समाजातले पोर कॉलेजात पाऊल टाकताना काय घेऊन जात असेल? आपल्या वाडवडिलांना शाळेच्या बाहेर बसविले. त्यांच्या वाडवडिलांना पकडून आत नेले आणि आत नेऊन त्यांचे माणूसपण काढून घेतले. अन्यायाची तऱ्हा वेगळी, पण दोन्हीकडे शिकवण एकच: विद्या तुमची नाही.

पूल कोणी बांधला आणि कोणी आखला?

कॅनडात माँट्रिअल शहराजवळ कानावाके नावाची मोहॉक लोकांची वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जमिनीला लागून रेल्वेचा पूल झाला आणि तिथल्या तरुणांना लोखंडाच्या कामावर घेतले गेले. उंचावर तुळयांवर चालत रिवेट ठोकण्याचे हे काम त्यांनी असे आत्मसात केले की पुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर पिढ्यान्‌पिढ्या मोहॉक कामगार दिसू लागले. लोक म्हणत, यांना उंचीची भीतीच वाटत नाही. पोटासाठी उंच चढणाऱ्या माणसाला भीती नसते असे म्हणणे किती सोयीचे असते!

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक अवाढव्य पूल बांधला जात होता. २९ ऑगस्ट १९०७ रोजी, कामाचा दिवस संपता संपता, तो कोसळला. ७५ माणसे मेली. त्यांत ३३ जण एकट्या कानावाकेचे मोहॉक होते. एका छोट्या वस्तीतले ३३ कर्ते पुरुष एका दिवसात गेले! चौकशी आयोग बसला. त्यात निष्पन्न झाले की पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते आणि खालचे दाबाचे भाग तेवढा भार सहन करण्याजोगे नव्हते. ते वाकू लागल्याचे काही दिवस आधीपासून कामाच्या जागी दिसत होते. पण निर्णय घेणारे सल्लागार इंजिनिअर दूर न्यूयॉर्कमध्ये होते. काम थांबविण्याचा निरोप वेळेवर पोहोचला नाही. कानावाकेच्या स्मशानात आजही पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत. त्यानंतर तिथल्या बायांनी आग्रह धरला की गावातले सगळे पुरुष एकाच कामावर जायचे नाहीत, असे सांगतात.

ज्यांचे पाय त्या तुळईवर होते त्यांच्यापैकी एकही माणूस नकाशाच्या टेबलावर नव्हता, आमचे म्हणणे एवढेच आहे. आणि हे ऐकताना आपल्याला आपल्या शहरातला गटारात उतरणारा माणूस आठवत नसेल तर आमचे बोलणे व्यर्थ आहे. मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त असला तर नाकाची वास घेण्याची ताकदच जाते, म्हणून माणसाला वाटते की आता धोका टळला, आणि तो खाली उतरतो. हातांनी मैला साफ करून घेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, तरी माणसे मरतच राहिली. ही माणसे कोणत्या वस्तीतली असतात हे इथे सांगण्याची गरज नाही. त्या वस्तीतली मुलगी ड्रेनेजची इंजिनिअर झाली तर ती मॅनहोलचा नकाशा काढताना आधी आत उतरणाऱ्याचा विचार करील, असा आमचा विश्वास आहे. म्हणून प्रतिनिधित्व पाहिजे. मानमरातबाची बाब पुढची. आधी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

मेरी गोल्डा रॉस

आता एका बाईची गोष्ट सांगतो. मुलींनी जरा लक्ष देऊन ऐकावे.

मेरी गोल्डा रॉस १९०८ साली ओक्लाहोमा राज्यात जन्मल्या. चेरोकी समाज. १८३८-३९ साली या समाजाला सैन्य लावून मूळ प्रदेशातून हाकलण्यात आले. त्या वाटचालीत हजारो माणसे मेली. त्या वेळचे चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस हे मेरीबाईंच्या पणजोबांच्या पिढीच्याही आधीचे पूर्वज. नव्या मुलखात उघड्यावर पडलेल्या या लोकांनी काय केले? शाळा काढल्या! त्यांच्याकडे स्वतःची लिपी होती. सिकोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास ती एकट्याच्या बुद्धीने तयार केली होती. १८२८ पासून त्यांचे वर्तमानपत्र निघत होते. आणि १८५१ साली त्यांनी मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा उघडली. आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीमाई मुलींच्या शाळा चालवीत होते, तोच हा काळ! एकाच वेळी पृथ्वीच्या दोन टोकांना तुडविलेली माणसे मुलींच्या हाती पाटी देत होती, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

चेरोकींच्या त्या मुलींच्या शाळेच्या इमारतीत पुढे राज्याचे शिक्षक महाविद्यालय आले. तिथून मेरीबाईंनी १९२८ साली गणिताची पदवी घेतली. वर्गात मुलगे एका बाजूला आणि आपण एकटी दुसऱ्या बाजूला बसत होतो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. नंतर त्यांनी खेड्यांत बरीच वर्षे शिक्षिका म्हणून काम केले आणि १९३८ साली पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. १९४२ साली, युद्धाच्या काळात, त्या लॉकहीड या विमान कंपनीत गणितज्ञ म्हणून लागल्या. पी-३८ या लढाऊ विमानाच्या अडचणींवर त्यांनी काम केले. युद्ध संपल्यावर पुष्कळ बायकांना घरी पाठविले गेले, पण मेरीबाई राहिल्या आणि इंजिनिअरिंग शिकल्या. १९५२ साली कंपनीने जो गुप्त विभाग उभारला, त्याच्या पहिल्या चाळीस इंजिनिअरांत त्या होत्या. अजेना रॉकेटवर त्यांनी काम केले आणि मंगळ व शुक्र या ग्रहांकडे यान कसे पाठविता येईल याची गणिते मांडली. त्यांचे बरेचसे काम गुप्त असल्यामुळे लोकांपुढे आलेच नाही.

१९५८ साली त्या टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमात आल्या. पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा असा तो खेळ होता. ही बाई रॉकेट आणि उपग्रहांची आखणी करते हे ओळखायला मोठमोठ्या हुशार मंडळींना बराच वेळ लागला. साहजिकच आहे. इंजिनिअर म्हटला की डोळ्यापुढे जे चित्र येते त्यात चेरोकी बाई नव्हतीच. आजही आपल्याकडे इंजिनिअर म्हटला की डोळ्यापुढे कोणते आडनाव येते ते ज्याने त्याने मनाशी तपासावे.

१९७३ साली निवृत्त झाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. आपल्या समाजाच्या मुलामुलींना आणि एकूणच मुलींना इंजिनिअरिंगकडे वळविण्याचे काम त्यांनी केले. २००४ साली वॉशिंग्टनमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले तेव्हा ९६ वर्षांच्या मेरीबाई चेरोकी पोशाख घालून मिरवणुकीत सामील झाल्या. तो पोशाख त्यांच्या भाचीने शिवला होता. २००८ साली त्या गेल्या. जाताना त्या संग्रहालयासाठी चार लाख डॉलरहून अधिक रक्कम ठेवून गेल्या. २०१९ साली अमेरिकेच्या एक डॉलरच्या नाण्यावर त्यांचे चित्र आले.

नुसता आकडा पुरेसा नाही

पण एका मेरीबाईंनी समाज इंजिनिअर होत नाही. अमेरिकेत आजही इंजिनिअरिंगची पदवी घेणाऱ्यांत मूळ रहिवासी म्हणून नोंद असलेले विद्यार्थी शंभरात एकही भरत नाहीत. म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गात असा एखादाच विद्यार्थी, किंवा तोही नाही. एकटेपणा म्हणजे काय हे ज्याने भोगले त्यालाच कळते. प्रॅक्टिकलला जोड्या पडतात तेव्हा आपण शेवटी उरतो. प्रश्न विचारावासा वाटतो, पण चुकला तर आपण एकटे चुकत नाही, सगळा समाज चुकला असे धरतात. दुसऱ्याचा मुलगा नापास झाला तर तो आळशी ठरतो. आपला झाला तर सगळी जात नालायक ठरते! हे ओझे दप्तरात घेऊन जो शिकतो त्याची मेहनत दुप्पट होते.

यावर तिथल्या लोकांनी दोन उपाय केले. ते दोन्ही आपण नीट समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला उपाय म्हणजे स्वतःची महाविद्यालये. १९६८ साली नवाहो लोकांनी आपल्याच भूमीवर, आपल्याच ताब्यात असलेले कॉलेज काढले. जमातीने चालविलेले ते तिथले पहिले कॉलेज. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. १९७८ साली अशा कॉलेजांना केंद्राची मदत देणारा कायदा झाला आणि आज अशी तीसहून अधिक कॉलेजे आहेत. तिथे गणित, जीवशास्त्र शिकवितात आणि आपली भाषाही शिकवितात. घरापासून जवळ, शिक्षक ओळखीचे. पाया पक्का झाला की विद्यार्थी मोठ्या विद्यापीठात जातो.

दुसरा उपाय म्हणजे संघटना. १९७७ साली त्यांच्या काही शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी मिळून 'अमेरिकन इंडियन सायन्स अँड इंजिनिअरिंग सोसायटी' काढली. मेरीबाईंनीही तिच्या कामाला हात लावला. ही संस्था शिष्यवृत्त्या देते, कॉलेजाकॉलेजांत शाखा चालविते आणि दरवर्षी मोठे अधिवेशन भरविते. त्या अधिवेशनात कंपन्यांचे अधिकारी नोकरी द्यायला येतात आणि समाजातील वडीलधारी माणसेही सन्मानाने बोलावलेली असतात. वर्षभर वर्गात एकटे बसणारे पोर तिथे पाहते की आपल्यासारखे शेकडो आहेत, आणि त्यांच्यापुढे प्रौढ इंजिनिअर, प्रोफेसर आहेत. आपली ओळख दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवायची आणि मग आत जायचे, असे तिथे नसते. आपलेपणा म्हणतो तो हाच.

नापास झालेला अंतराळवीर

आता ज्या घरात केटी लागलेलं पोर बसलं आहे त्या घरातल्या आईवडिलांसाठी एक गोष्ट.

जॉन हेरिंग्टन, जन्म १९५८, चिकसॉ जमातीचे. कॉलेजात गेले आणि अभ्यासात मन लागेना. गुण इतके घसरले की कॉलेजने काढून टाकले. मग पोटासाठी जमीनमोजणी करणाऱ्या टोळीत काम धरले. डोंगराच्या कड्यावर दोराने लोंबकळून अंतरे मोजायची. तिथे त्यांना उमगले की वर्गात ज्याला आपण कंटाळलो होतो ते त्रिकोणमितीचे गणित इथे रोज वापरले जात आहे. कामावरच्या वरिष्ठांनी त्यांना परत शिकायला जा म्हणून मागे लावले. ते परत त्याच कॉलेजात गेले आणि १९८३ साली गणिताची पदवी घेतली. पुढे नौदलात वैमानिक, १९९६ साली अंतराळवीर म्हणून निवड आणि नोव्हेंबर २००२ मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळात. आपल्या जमातीत नोंद असलेले अंतराळात गेलेले ते पहिले मूळ अमेरिकन. सोबत त्यांनी चिकसॉ राष्ट्राचा झेंडा, गरुडाचे पीस आणि बासरी नेली होती. तिथे त्यांनी तीनदा यानाबाहेर पडून काम केले.

पण आम्हाला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. २०१४ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. विषय कोणता? आपल्या लोकांच्या मुलांना गणित आणि विज्ञानात गोडी कशाने लागते!

त्यांना कॉलेजातून काढले त्या दिवशी घरच्यांनी, गावाने, कामावरच्या माणसांनी 'याच्यात दमच नाही' असे ठरवून टाकले असते, तर? बापहो, पोरगं परत आलं तर घराचं दार लावू नका. त्याला विचारा, कुठे अडलं? बहुतेक वेळा अडलेलं असतं ते इंग्रजीत, पहिल्या सेमिस्टरच्या गणितात, इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये, नाहीतर शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर न आल्यामुळे मेसच्या बिलात.

विज्ञान दारात, पण आपले नाही

आणखी एक माणूस सांगतो, मग आपल्याकडे येतो. नवाहोंच्या जमिनीत युरेनियम निघाले. १९४४ ते १९८६ या काळात तिथून सुमारे तीन कोटी टन खनिज काढले. खाणीत काम करणारे बहुतेक नवाहो. युरेनियमच्या खाणीत रेडॉन वायू साचतो, तो श्वासावाटे आत गेला की फुप्फुसाचा कर्करोग होतो. हवा खेळती ठेवली तर धोका पुष्कळ कमी होतो. पण खाणी कोंदट होत्या आणि कामगारांना कोणी सांगितले नाही. बाया त्यांचे धुळीने माखलेले कपडे घरी धूत होत्या. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९९० साली. पाचशेहून अधिक खाणी तशाच उघड्या टाकलेल्या होत्या.

याच समाजाशी नाते सांगणारे फ्रेड बिगे. आईवडील नवाहो आणि यूट जमातींचे. दहाव्या वर्षी सरकारी निवासी शाळेत गेले, तिथे त्यांना शेतीकाम शिकविले गेले. पुढे सैन्यात गेले, कोरियाच्या युद्धानंतर विद्यापीठात आले आणि १९७१ साली अणुभौतिकीत डॉक्टरेट मिळविली. लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले आणि नवाहो मुलांना विज्ञान समजावून सांगत फिरले. म्हणजे त्याच मातीतले खनिज, त्याच माणसांचे हात, आणि त्या खनिजाच्या पोटातली विद्या समजणारा माणूस मात्र मोजून एखादा! खाणी सुरू झाल्या तेव्हा असे पन्नास फ्रेड बिगे असते, तर किती घरांतले कर्ते पुरुष वाचले असते?

आता आपल्याकडे

आपले पूर्वज या बाबतीत बेसावध नव्हते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयना जे निवेदन दिले, त्यात त्यांनी स्पष्ट मांडले होते की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण पाहिजे, आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने खर्च केला पाहिजे. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९४८ पासून ती आदिवासींनाही मिळू लागली. आयआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्यास सुरुवात झाली ती १९७३ साली.

तात्पर्य, दार उघडायला इतकी वर्षे लागली. पण दार उघडले म्हणजे आतले लोक सरकून बसायला जागा देतात असे नाही. दिल्लीच्या एका नामांकित वैद्यकीय संस्थेतील आपल्या मुलांच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात हॉस्टेलपासून परीक्षेपर्यंत भेदभाव होत असल्याचे नमूद आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातील तरुण डॉक्टर मुलीने आपले जीवन संपविले. जातीवरून छळ झाल्याची तक्रार घरच्यांनी केली आणि खटला उभा राहिला. त्याच वर्षी तिची आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई, या दोन माउल्या मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आमच्या लेकरांचे झाले ते दुसऱ्यांच्या लेकरांचे होऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

एक गोष्ट आम्ही इथे मुद्दाम बोलणार आहोत, राग मानू नये. महाराष्ट्रात आदिवासींची संख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे एक कोटीच्या वर आहे. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, कातकरी आणि इतर. आपल्या वस्तीत आज दोन-तीन पिढ्या शिकलेली घरे आहेत. आश्रमशाळेतून थेट शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलेल्या वारली किंवा पावरा मुलाच्या मागे बहुतेक वेळा एकही पिढी नसते. घरची बोली वेगळी, मराठी ही त्याची शाळेतली भाषा आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. हॉस्टेलात आपला मुलगा त्याला काय म्हणतो? आपल्याला जे म्हटले गेले तेच जर आपले पोर त्याला म्हणत असेल, तर आपण काय शिकलो?

त्यांच्यातला एक जण पुढे गेला की काय होते तेही पाहा. डॉ. राजेंद्र भारूड हे धुळे जिल्ह्यातील भिल्ल कुटुंबातले. वडील जन्माआधीच गेले. आईने मोहाची दारू विकून मुले वाढविली. मुंबईत डॉक्टर झाले, मग सनदी सेवेत गेले. करोनाच्या काळात ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. पहिली लाट ओसरत असताना, सगळे सुस्तावलेले असताना, त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभे करून घेतले. २०२१ ची दुसरी लाट आली, मोठमोठी शहरे ऑक्सिजनसाठी धावत होती, तेव्हा हा आदिवासी जिल्हा स्वतःच्या ऑक्सिजनवर उभा होता.

आणि विद्या कॉलेजातच असते असेही समजू नका. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या, शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणे जपले, निवडले, कोणते कोणत्या जमिनीत येते ते अनुभवाने पारखले. आज शास्त्रज्ञ त्यांच्याकडे बियाणे पाहायला येतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुने आहे म्हणून सगळे खरे असे आम्ही म्हणत नाही. जुने असो की नवे, तपासूनच घ्यावे. पण आदिवासी मुलाला वर्गात एवढे तरी कळू द्या की तुझी आजी जे ओळखते ती निरीक्षणाचीच विद्या आहे, तू इथे रिकाम्या हाताने आलेला नाहीस.

काय करावयाचे?

भाषण झाले, टाळ्या झाल्या, असे होऊ नये म्हणून चार कामे सांगतो. पैसा फारसा लागत नाही.

पहिले. वस्तीतील जे इंजिनिअर, डिप्लोमाधारक, लाइनमन, ओव्हरसिअर आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत बसावे. पहिल्या वर्षाचे गणित आणि ड्रॉइंग एवढे जरी सोडवून दिले तरी निम्मी पोरं तगतील.

दुसरे. ज्याला केटी लागली, ज्याचे वर्ष गेले, त्याचे नाव विहारात हळू आवाजात घेऊ नका. तोही अभ्यासिकेत आला पाहिजे, आणि पुढच्या बेंचवर बसला पाहिजे.

तिसरे. जवळच्या हॉस्टेलात आदिवासी मुलेमुली असतात. सुटीच्या दिवशी मेस बंद असते. त्या दिवशी त्यांना घरी जेवायला बोलवा. ताटावर बसून जे नाते होते ते शंभर परिपत्रकांनी होत नाही. जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांत आपली मंडळी तरबेज आहेत, ती माहिती त्यांनाही द्या.

चौथे. ड्रेनेजवर, बांधकामावर, वीज मंडळात हाताने काम करणाऱ्या आपल्या माणसांना विद्यार्थ्यांपुढे बोलते करा. कुठली शिडी घसरते, कुठला पंप बंद पडतो, गॅस कसा ओळखतात, हे त्यांना पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते ज्ञान उद्या नकाशात उतरविणारी मुले याच सभागृहात बसलेली आहेत.

मेरीबाई ९६ व्या वर्षी आपल्या लोकांचा पोशाख घालून चालत होत्या. रॉकेटची गणिते करताना त्या चेरोकीच होत्या, आणि चेरोकी असताना इंजिनिअर होत्या. एक व्हायला दुसरे सोडावे लागले नाही. आपल्या प्रत्येक मुलामुलीला, आणि आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येक आदिवासी मुलामुलीला, आपले नाव आणि आडनाव मोठ्याने सांगून प्रयोगशाळेत उभे राहता आले पाहिजे. त्यासाठी सरकार काय करील ते करील, न्यायालय काय म्हणेल ते म्हणेल. अभ्यासिकेची किल्ली मात्र आपल्याच खिशात आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!